शूटिंगआधी भरती-ओहोटी बघा

यूट्यूबवर प्रचंड खर्चाचे व्हिडिओ करणाऱ्या मिस्टरबीस्टने आपल्या टीमसाठी लिहिलेली मार्गदर्शिका २०२४ मध्ये बाहेर फुटली. त्यातले कोट्यवधींचे खेळ सोडा, आपल्या खिशाला परवडणारी एक गोष्ट त्यात आहे: ज्या घटकावाचून व्हिडिओच होणार नाही, तो आधी ओळखा, त्याची सतत खबर घ्या आणि पर्याय हाताशी ठेवा.

नवी मुंबईतल्या नेरुळचे फ्लेमिंगोच घ्या. भरतीला खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की पक्षी जवळच्या पाणथळींकडे सरकतात, ओहोटीला पुन्हा खाडीत. म्हणजे इथे कळीचा घटक कॅमेरा नाही, भरतीचं वेळापत्रक! ते न बघता मी दोनदा रिकामं तळं शूट करून आलोय, तेही भाड्याच्या लेन्सने. आता राखीव दिवस धरल्याशिवाय मित्रांना पहाटे उठवत नाही.

शीर्षक आणि थंबनेल (व्हिडिओ उघडण्याआधी दिसणारं चित्र) शूटिंगआधीच कागदावर उतरवा. ‘नेरुळची एक सकाळ’ कोण उघडणार? आणि शीर्षकात फ्लेमिंगो असतील तर ते पहिल्या मिनिटातच दिसू द्या; प्रेक्षक सर्वाधिक गळतात ते तिथेच. पामबीच रोडवरचा गाडीतला प्रवास, नमस्कार-चमत्कार, ‘सबस्क्राइब करा’ वगैरे नंतर. प्रवास तर मी हल्ली कापूनच टाकतो.