जोडीने राहणारी सात मूलद्रव्ये: या चुका टाळा

हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरिन, ब्रोमिन, आयोडिन. नेहमीच्या तापमानाला द्विअणू रेणूंच्या रूपात राहणारी मूलद्रव्यं एवढीच. तरी उत्तरपत्रिकांत त्याच त्या चुका होतात.

सगळ्यात महागात पडते ती ऑक्सिजन वायूला १६ ने भागण्याची चूक. ८ ग्रॅम ऑक्सिजनचं ०° सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला आकारमान किती? मुलं आवर्तसारणीतला १६ बघतात, अर्धा मोल (मोल म्हणजे कणांच्या ठरावीक संख्येचं माप; या तापमान-दाबाला १ मोल वायू २२.४ लीटर भरतो) काढतात आणि ११.२ लीटर लिहून मोकळी होतात. १६ हे एका अणूचं वस्तुमान. वायू रेणूंचा असतो, म्हणून भागायचं ३२ ने: पाव मोल, ५.६ लीटर. उत्तर नेमकं दुप्पट आलं, की आधी इथेच बघा.

हा घोळ भल्याभल्यांना भोवला आहे. आकारमानाने दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन मिळून दोन भाग वाफ होते, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवलं. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनच्या लेखी वायूचे कण म्हणजे सुटे अणू. मग ऑक्सिजनचा एक कण वाफेच्या दोन कणांत वाटायचा कसा? त्याने ती मापंच मानली नाहीत आणि पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू धरला. तो कण मुळात जोडीचा असतो आणि दुभंगतो, हे ॲव्होगॅड्रोने १८११ मध्ये मांडलं. पण त्याकडे रसायनशास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं ते कॅनिझारोने, १८६० च्या कार्ल्सरूह परिषदेत. तोवर ॲव्होगॅड्रोला जाऊन चार वर्षं झाली होती.

दुसरी हट्टी चूक म्हणजे जोडीतला २ संयुगात ओढत नेणं. क्लोरिन जोडीने असतो म्हणून मिठातही दोन क्लोरिन लिहिले जातात. जोडी अभिक्रियेत तुटते, आणि संयुगातले अंक ठरतात संयुजेवरून, म्हणजे अणूच्या जोडले जाण्याच्या क्षमतेवरून. कॅल्शियम क्लोराइडमध्ये क्लोरिन दोन असतात ते कॅल्शियमची संयुजा २ म्हणून. समीकरण घाईने मनातल्या मनात जुळवू नका. आधी सगळी सूत्रं पेनने पक्की लिहा, मग पेन्सिल घेऊन फक्त सहगुणकांना, म्हणजे सूत्रांपुढच्या आकड्यांना, हात लावा: दोन सोडियम, क्लोरिनचा एक रेणू, दोन सोडियम क्लोराइड.

आद्याक्षरांची वाक्यं पाठ करणं फसवं, एक अक्षर निसटलं की यादी गेली. त्यापेक्षा आवर्तसारणी उघडा. अणुअंक ७ पासून ८, ९ असं आडवं जा, मग १७, ३५, ५३ असं खाली उतरा. इंग्रजी सातचा आकडा होतो. हायड्रोजन तेवढा वेगळा लक्षात ठेवायचा.

ब्रोमिन द्रव आणि आयोडिन स्थायू म्हणून त्यांना वगळू नका. हेलिअम, निऑन, अरगॉन वायू असले तरी त्यांचे अणू सुटेच. पांढऱ्या फॉस्फरसचा रेणू चार अणूंचा, गंधकाचा आठ. कार्बन मोनॉक्साइडच्या रेणूत अणू दोनच, पण ते मूलद्रव्य नव्हे, संयुग आहे.