एका खोलीत कोंडलेली माणसं: कमी पैशांत थरारपट कसा करायचा

एकच खोली, मूठभर नट, बाहेरचं चित्रीकरण नाही. हिशेब सोपा वाटतो, पण कॅमेऱ्याला पळायला दुसरी जागा नसते आणि प्रत्येक चूक डोळ्यांत भरते.

पात्रं पाच-सहा पुरेत. प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट द्या, जी बाकीच्यांना हवी आहे आणि सांगितली तर त्याच्याच अंगाशी येईल. संवाद आपोआप सुटतात. ‘दार का फोडत नाहीत?’ याचं उत्तर पटकथेच्या पहिल्या १५ पानांत हवं, आणि तेही बोलून नको: कुणीतरी फोडायला जातो आणि जबर दुखापत घेऊन परततो. हे राहिलं तर प्रेक्षक शेवटपर्यंत दाराकडेच बघत बसतो. पुढे दर १०-१२ पानांनी परिस्थिती बिघडवा. पाणी संपतं, दिवा जातो, कोंडून ठेवणारा माणूस आपलाच नियम बदलतो. एकूण ८०-८५ पानं. पटकथेच्या एका पानाला पडद्यावर साधारण एक मिनिट.

खरी खोली फुकट मिळाली तरी मोहात पडू नका. बारा फुटांच्या खोलीत कॅमेरा मागे घ्यायला जागा उरत नाही, वाइड (जास्त जागा टिपणारी) लेन्स लावावी लागते आणि खोली उलट ऐसपैस दिसते. कोंडमाराच गेला! त्यापेक्षा ८ बाय ४ फुटांच्या प्लायच्या भिंती उभ्या करा आणि निदान एक सुटी ठेवा. ती काढून लांबून ८५ मिमीची (दूरचं जवळ आणणारी) लेन्स लावली की माणसं एकमेकांच्या अंगावर आल्यासारखी दिसतात. १९९७ च्या ‘क्यूब’ या चित्रपटात खोल्यांमागून खोल्या येतात, पूर्ण बांधलेली मात्र एकच होती, रंगीत पॅनल तेवढे बदलले.

उजेड खोलीतल्याच बल्ब-ट्यूबचा दाखवा. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर (दर फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवा, ६० असेल तर १/६०. नाहीतर चित्रात पट्टे सरकतात. स्वस्त एलईडी तरीही लुकलुकतात, म्हणून आधी कॅमेऱ्यातून तपासा.

शूटिंग शक्यतो कथेच्या क्रमानेच करा. घाम, दाढी, मळ, सुकलेलं रक्त यांचा ताळमेळ क्रम मोडला की हमखास चुकतो. प्रत्येक पोशाखाचे तीन जोड घ्या: स्वच्छ, मळका, रक्ताळलेला. रक्तासाठी साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. कोकोशिवाय ते गुलाबी सरबत दिसतं. रंग कातडीवर राहतो, म्हणून आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघा.

प्लायच्या खोलीत आवाज घुमतो. फ्रेमबाहेरच्या भिंतींवर जाड ब्लँकेटं टांगा आणि रोज, सगळे जागेवर असतानाच, खोलीची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करा. संकलनात संवादांमधल्या फटी तिनेच बुजतात. साखळ्या प्लास्टिकच्या चालतील, खणखणाट खऱ्या साखळीचा वेगळा घ्या.

आणि बांधलेल्या नटाबाबत हयगय नको. गाठ एका ओढीत सुटणारी हवी, दाराला खरं कुलूप नको, तोंडात बोळा तर कधीच नको. वरून कापड बांधा. कात्री घेतलेला माणूस फ्रेमच्या काठाबाहेर उभा ठेवा, आणि त्या शॉटपुरतं त्याला दुसरं काहीच काम देऊ नका.