दगडी चर्चमध्ये मैफल लावताना

छत्रपती संभाजीनगरच्या सोनेरी महालाच्या पटांगणात, वेरूळ-अजिंठा महोत्सवात शोभणारा साउंड जुन्या दगडी चर्चमध्ये नेला की गोंगाट होतो. उघड्यावर आवाज गेला तो गेला. इथे भिंती तो परत पाठवतात.

पहिलं काम घुमार, म्हणजे आवाज थांबल्यावर तो विरायला लागणारा वेळ, मोजायचं. वेदीच्या पायरीखाली फुगा फोडा, मागच्या बाकावर मोबाइलवर रेकॉर्ड करा. समजा चर्च 25 मीटर लांब, 10 रुंद, 9 उंच, म्हणजे 2,250 घनमीटर, आणि घुमार 3 सेकंद. सॅबिनच्या सूत्राने (घुमार = 0.161 × घनफळ ÷ शोषण) त्याचं शोषण साधारण 120 चौरस मीटर भरतं, म्हणजे सगळा आवाज गिळणाऱ्या तेवढ्या पृष्ठभागाइतकं. बसलेला माणूस अंदाजे अर्धा चौरस मीटर आवाज शोषतो. 200 श्रोते आले की घुमार पावणेदोन सेकंदांच्या आत येतो. दुपारच्या रिकाम्या साउंडचेकवर लावलेला आवाज म्हणूनच संध्याकाळी कोरडा वाटतो.

तेवढे श्रोते येणार नसतील तर गावातून वाकळी मागवा. मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे दोरीवर टांगा. भिंतीला चिकटवल्या तर फायदा निम्मा. डग्ग्याचा घुमार त्यानेही फारसा जात नाही, तो मिक्सरवर खालचा बास कापूनच आवरावा लागतो.

समोर दोन मोठे स्पीकर लावू नका. लहान स्पीकर जास्त, आवाज कमी. मधल्या बाकांजवळचा स्पीकर मंचापासून 15 मीटरवर असेल तर त्याला साधारण 45 ते 55 मिलिसेकंद डिले द्या, म्हणजे आवाज तेवढा उशिरा सोडा, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतात.

कार्यक्रमही जागेला साजेसा हवा. ध्रुपद, बासरी, सारंगी, विलंबित ख्याल उत्तम. द्रुत तबल्याचे बोल एकमेकांत मिसळतात. ड्रमसेट आणूच नये.

मंच वेदीवर नव्हे, पायरीखाली. तारीख फादरना विचारून ठरवा, उपवासकाळ टाळा. चुन्याच्या गिलाव्याला खिळा नको, चिकटपट्टीही नको: काढताना गिलावा पापुद्र्यासारखा सोबत येतो. मेणबत्तीचं मेण फरशीत मुरतं, त्यापेक्षा बॅटरीचे दिवे बरे.

एप्रिल-मेमध्ये पंखे लागतातच आणि त्यांचा घरघराट माइकमध्ये शिरतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरे. जनरेटर इमारतीच्या मागे, निदान 40-50 मीटर दूर ठेवा. आणि छतातली कबुतरं आदल्या संध्याकाळीच पाहून घ्या. आलाप सुरू झाल्यावर त्यांना हाकलता येत नाही.