एका तुकड्यातलं एमडीएफ शटर सीएनसीवर कसं काढायचं

पेंट फिनिशचं शटर (किचन किंवा वॉर्डरोबचं दार) चार पट्ट्या आणि मधलं पॅनल जोडून केलं की आज ना उद्या सांध्यावर केसाएवढी चीर दिसतेच, मिस्त्री कितीही चांगला असू दे. अख्खं शटर एकाच शीटमधून काढलं तर सांधाच उरत नाही, म्हणून शेकर डिझाइनसाठी आता सर्रास १८ एमएमच्या एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) मधला भाग सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या कटिंग मशीनवर, ६ एमएम खोल पॉकेट करून (कोरून) फ्रेमचा लुक देतात. ऐकायला सोपंय आणि मशीनचं काम खरंच सोपंय, पण पुढची जवळपास सगळी डोकेदुखी त्या ६ एमएमच्या पॉकेटमुळेच होते, म्हणून त्याच्यावरच जरा जास्त लिहितो.

आधी शीट. सिंकखालच्या आणि ओल्या भिंतीजवळच्या शटरला साधा एमडीएफ नकोच, एचडीएचएमआर (जास्त घट्ट, ओलावा सोसणारा बोर्ड) घ्या, बिट (मशीनचं फिरणारं पातं) थोडा लवकर बोथट होतो पण पॉकेटचा तळ जास्त स्वच्छ निघतो. शीट आडवी, सपाट ठेवलेली असावी. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली शीट वाकलेली असते आणि व्हॅक्यूम बेडवर (मशीनचं शीट हवेने ओढून धरणारं टेबल) तात्पुरती सरळ झाली तरी कापून उचलली की परत वाकते.

ड्रॉइंग कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये करा, व्हीकार्व्ह, अस्पायर, नाहीतर आर्टकॅम (ऑटोडेस्कने ते २०१८ मध्येच बंद केलं तरी आपल्याकडे बऱ्याच वर्कशॉपमध्ये अजून तेच चालतंय). एमडीएफला लाकडासारख्या रेषा नसतात त्यामुळे शटर आडवं-उभं कसंही बसवा. ४५० बाय ७२० एमएमची शटरं ८ बाय ४ फुटाच्या शीटमध्ये नीट फिरवून लावली तर ८ बसतात, पाच एका ओळीत उभी आणि उरलेल्या पट्टीत तीन आडवी, मध्ये ८ एमएम गॅप आणि शीटच्या कडेला १० एमएम सोडून. सगळी एकाच दिशेला लावली तर एवढी बसत नाहीत.

आता फ्रेमची रुंदी. इथे क्लायंट म्हणतो बारीक फ्रेम द्या, मॉडर्न दिसते, आणि आपण ४० एमएम करून मोकळे होतो. पण ऑटो हिंजचा (आपोआप बंद होणारी बिजागरी) शटरमध्ये बसणारा गोल कप ३५ एमएमचा, कडेपासून साधारण ५ एमएम सोडून बसतो, म्हणजे ४० एमएमपर्यंत गेलाच, आणि त्याचं भोक १२ ते १३ एमएम खोल. पॉकेटखाली उरलाय किती, तर १२. कप जरा जरी पॉकेटच्या हद्दीत सरकला की समोरून भोक आरपार दिसणार. म्हणून निदान हिंजच्या बाजूची पट्टी ५५-६० एमएम ठेवा, आणि क्लायंटला बारीकच हवी असेल तर पॉकेट ३-४ एमएमवर आणा, दुसरा मार्ग नाही.

कोपऱ्याचं आधीच ठरवा. फिरणारा बिट आतला कोपरा कधीच काटकोनात काढत नाही, ६ एमएमच्या बिटने ३ एमएमची गोलाई राहतेच. मेंब्रेन शटर (वरून पीव्हीसी फॉइल चिकटवलेलं) करायचं असेल तर ही गोलाई बरीच, फॉइल तीक्ष्ण कोपऱ्यात नीट बसत नाही. पेंटसाठी मात्र एकतर पटाशीने कोपरा साफ करा, नाहीतर सरळ भिंतीचा नाद सोडून ९० डिग्रीच्या व्ही-बिटने (टोकदार बिट) उतरती भिंत करा, बिट कोपऱ्यात वर उचलत जातो आणि मायटरसारखी (४५ डिग्रीच्या सांध्यासारखी) रेघ आपोआप पडते. ६ एमएम खोलीला व्ही-बिट किमान १२ एमएम रुंद लागतो, बारीक बिट लावून एका पासमध्ये होणार नाही.

मशीनवर झेड झिरो (खोली जिथून मोजायची तो शून्य) शीटवर घेण्यापेक्षा बेडवर घ्या आणि जाडी व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा. १८ ची शीट सगळीकडे १८ असतेच असं नाही, पॉकेट ०.२ ने कमीजास्त झालं तर कुणाला कळत नाही पण आरपार कट अर्धवट राहिला तर कळतं. आधी पॉकेट १२ एमएमच्या फ्लॅट बिटने, मग व्ही-बिट, सगळ्यात शेवटी बाहेरचा कट, त्यात खाली ०.३ एमएम पापुद्रा ठेवून शेवटचा पास वेगळा, म्हणजे छोटी शटरं हलत नाहीत. १८००० आरपीएमला छोट्या मशीनवर मिनिटाला ३-४ मीटर फीड (बिट पुढे सरकायचा वेग) ठेवा, दणकट मशीन असेल तर दुप्पट. कडा तपकिरी झाली, जळका वास आला की बरेच जण फीड कमी करतात आणि ते आणखी जळतं, उलट फीड वाढवा किंवा आरपीएम उतरवा, आणि तरीही जळलं तर बिट बोथट झालाय. डस्ट कलेक्टर आणि एन९५ मास्क पाहिजेच, ही धूळ फार बारीक असते.

पॉकेटच्या तळावर हात फिरवून, बाजूने टॉर्च मारून बघा, पायऱ्या लागल्या तर स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बेडला काटकोनात नाही. असा तळ ग्लॉस पेंटखाली उघडा पडतो, घासून घासून लपत नाही.

मग सीलिंग. शीटचे दोन्ही पृष्ठभाग घट्ट असतात, मधला गाभा मऊ, आणि पॉकेट केलं की तोच मऊ गाभा उघडा पडतो, तो आणि कडा रंग पिऊन टाकतात. २२० च्या पॉलिश पेपरने हलकं घासा, पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचा पातळ हात द्या, वाळलं की ३२० मारा, परत एक हात द्या, तेव्हा प्रायमर. पहिला हात पाण्याच्या मालाचा दिलात तर तंतू फुगून उभे राहतात आणि काम दुप्पट होतं.

मागच्या बाजूलाही तेवढेच हात द्या, हे टाळू नका. समोरून माल काढलाय, समोर पेंट आणि मागे कोरं म्हटल्यावर पावसाळ्यात हवेतला ओलावा एकाच बाजूने आत जातो आणि शटर वाकतं. किचनच्या छोट्या शटरला फारसं जाणवत नाही, पण दीड मीटरपेक्षा उंच वॉर्डरोबला पॉकेट ३-४ एमएमच करा, मागूनही तेवढाच उथळ पास मारा आणि हिंज चार लावा. शटर-शटरमध्ये ३ एमएम गॅप पेंट धरून मोजा, कारण कडांवर चार-पाच हात चढल्यावर तो गॅप कमी होतो.