निळी डाय दिल्यावर सॅच्युरेशन घसरते तेव्हा

शिरेतून मिथिलीन ब्लू ही निळी डाय (रंगद्रव्य) दिल्यानंतर मिनिटभरातच मॉनिटरवरचा सॅच्युरेशनचा, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनच्या टक्केवारीचा, ९९चा आकडा कधीकधी ७०च्याही खाली येतो, बीपचा सूर खर्जात जातो आणि थिएटरमधील सर्वांच्या माना वर होतात. रुग्णाचा ऑक्सिजन बहुधा होता तेवढाच असतो. पल्स ऑक्सिमीटरचा बोटाला लावलेला प्रोब ६६० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश किती शोषला गेला, एवढेच पाहतो. ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश अधिक शोषते. मिथिलीन ब्लूही ६६८ नॅनोमीटरच्या आसपास तेच करते आणि यंत्र फसते. इंडोसायनिन ग्रीन या हिरव्या डायचे शोषण ८००च्या जवळ असल्याने तिने आकडा थोडाच हलतो. (गंमत अशी की, १९७०च्या दशकात जपानच्या ताकुओ आओयागी यांना पल्स ऑक्सिमीटर सुचला तो डायच्या साहाय्याने हृदयाचा रक्तप्रवाह मोजताना.)

डाय देण्याआधी सॅच्युरेशन व वेळ लिहून घ्यावी आणि सर्जनने मोठ्याने सांगावे. बेळगाव-खानापूरकडे थिएटरमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. पण आपली ‘निळी’ आणि त्यांची ‘नीली’ जवळच्याच असल्याने हा निरोप चुकत नाही.

आकडा पडला की लगेच डायवर खापर फोडू नये, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. ऑक्सिजन वाढवावा, श्वासाची नळी जागेवर आहे का व छातीत दोन्हीकडे हवा जाते का हे ऐकावे, कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइडचा आलेख) आणि रक्तदाब पाहावा. हे सारे ठीक असून आकडा काही मिनिटांत आपोआप चढू लागला, तर दोष डायचा. रक्तदाब कोसळला, अंगावर गांधी उठल्या किंवा श्वासनलिका आवळली, तर ती डायचीच तीव्र अ‍ॅलर्जी समजून अ‍ॅड्रेनालिन द्यावे. शंका राहिल्यास धमनीतील रक्त तपासावे. त्यातील ऑक्सिजनच्या दाबावर डायचा परिणाम होत नाही, रक्ताच्या नमुन्यातील हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या को-ऑक्सिमीटरची टक्केवारी मात्र चुकू शकते.

स्तनाच्या कर्करोगात त्वचेत टोचलेली पेटंट ब्लू ही दुसरी निळी डाय सावकाश रक्तात उतरते व तिचा परिणाम काही तास टिकू शकतो, म्हणून रिकव्हरीतील सिस्टरांना ते लिहून द्यावे. नैराश्यावरील गोळ्या चालू असतील किंवा जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल, तर मिथिलीन ब्लू टाळलेलेच बरे.

लग्नसराईत काळी मेंदी लावून आलेल्या रुग्णाचा आकडा डायविनाही दगा देतो. तेव्हा प्रोब कानाच्या पाळीला लावावा. शिवाय, दुसऱ्या दिवशी लघवी हिरवी-निळी होईल हे नातेवाइकांना आदल्या रात्रीच त्यांच्या भाषेत सांगून ठेवावे.