चाक उतरवण्याआधी

इंदूरला पाऊस जूनच्या मध्यानंतर येतो, म्हणून मोटारसायकलचे टायर मी मे महिन्यात घरच्या अंगणातच बदलून घेतो. श्रावणात ओंकारेश्वरला जायचं तर सिमरोलच्या पुढचा भेरूघाट ओल्या रस्त्याने उतरावा लागतो, आणि त्या वळणांवर घासलेला टायर मला नको असतो. काम दोन-तीन तासांचं आहे. पण चाक उतरल्यावर कळलं की घरात एक वस्तू कमी आहे, तर दिवस जातो. म्हणून सगळी जमवाजमव आदल्या संध्याकाळी करा. माझी गाडी स्पोकच्या चाकांची, ट्यूबवाली, 18 इंची रिमची आहे. इथे लिहिलंय ते मुख्यतः अशाच गाडीसाठी.

टायर दुकानातून उचलण्याआधीच तपासायचा. जुन्या टायरवरचा आकडा कागदावर उतरवून न्या. 2.75-18 लिहिलं असेल तर रुंदी पावणेतीन इंच आणि रिम 18 इंची. त्याच्या पुढचा भाराचा आकडा जुन्यापेक्षा कमी नको. कडेवर चार अंकी तारीख असते, 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. फार दिवस पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण कुठे आहे तेही दुकानातच बघून ठेवा. नव्या टायरसोबत ट्यूब नवीच आणि त्याच मापाची घ्या. रिमपट्टीही नवी घ्या, कारण स्पोकची टोकं आणि ट्यूब यांच्यामध्ये तेवढीच एक पट्टी असते.

हत्यारं सियागंजात सगळी मिळतात. गोल टोकांचे, गुळगुळीत, हातभर लांबीचे तीन टायर लिव्हर, म्हणजे टायरची कडा रिमवरून उचलायच्या पट्ट्या, घ्या. दोनांवर भागतं असं म्हणतात, पण तिसरा हाताशी असला की आधीचे दोन निसटत नाहीत. स्क्रूड्रायव्हर लिव्हरच्या जागी कधीच नाही. एक्सलच्या नटला बसणारा पाना, रबरी हातोडी, व्हॉल्वची पिन काढायची चावी, हवेचा पंप आणि भरवशाचा गेज. मग साबणाचं दाट पाणी आणि ब्रश. काहीजण ग्रीस किंवा रॉकेल लावतात, ते रबर खातं. ट्यूबला चोळायला थोडी शंखजिऱ्याची पावडर. आणि नव्या कॉटर पिना, म्हणजे नट फिरू नये म्हणून आरपार घालून टोकं वाकवायच्या पिना! जुनी पिन सरळ करून पुन्हा घालायची सवय आपल्याकडे घट्ट आहे. पण मागच्या ड्रम ब्रेकची प्लेट जी पट्टी धरून ठेवते, तिचा नट त्या पिनेवर अवलंबून असतो. तो नट निघाला तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरते. दोन-चार रुपयांच्या वस्तूत काटकसर करू नका.

जागा सपाट, पक्की हवी. मेन स्टँडवर मागचं चाक अधांतरी राहतं, पुढच्यासाठी इंजिनाखाली लाकडी ठोकळा द्यावा लागतो. रिम ठेवायला जुनी सतरंजी अंथरा. पुढे डिस्क ब्रेक असेल तर डिस्क वरच्या बाजूला ठेवा, तिच्यावर साबण उडू देऊ नका, आणि ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा. चाक बाहेर असताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पॅड चिकटून बसतात. एक्सलवरचे बुश कुठला कुठे होता, चेन ॲडजस्टरची खूण कितव्या रेघेवर होती, याचे फोटो नट सोडण्याआधी काढा.

मेच्या उन्हाचा उपयोग करून घ्या. नवा टायर सकाळी अर्धा तास उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि लिव्हरला कमी जोर लागतो. पण हेही पुरेसं नाही. पहिल्या वर्षी टायर गरम होता, साबण लावला होता, तरी शेवटची वीतभर कडा चढेना. मी जोर केला आणि नवी ट्यूब लिव्हरखाली चिमटली. हवा भरली, ती रात्रीतून गेली. चूक माझीच होती. रिमच्या मध्यभागी एक खोलगट वाट असते. समोरच्या बाजूची टायरची कडा (तिच्यात तार असते) त्या वाटेत गुडघ्याने दाबून ठेवली तरच इकडे तेवढी ढिलाई मिळते. म्हणून सुरुवात व्हॉल्वच्या समोरून करायची आणि शेवट व्हॉल्वपाशी, एकावेळी दोनच इंच. ट्यूब घालण्याआधी तिच्यात आकार धरण्यापुरती हवा असावी. हे सगळं आदल्या दिवशी मनात एकदा करून बघा. घरातल्या कुणाला तरी समोरची बाजू दाबायला वेळ मागून ठेवा. माझ्याकडे हे काम आई करते.

ट्यूबलेस टायर असेल तर माझं मत वेगळं आहे. त्याची कडा रिमवर बसायला हवेचा एकदम झोत लागतो, पायपंपाने बहुधा ते होत नाही. चाक घरी उतरवा आणि टायर दुकानात बसवून आणा. कुठेही असो, कडा बसवताना 40 पीएसआयच्या वर जाऊ नका. बसली नाही तर हवा काढून, साबण लावून पुन्हा.

जुना टायर गच्चीवर टाकायचा नाही. पावसाचं पाणी साचलं की डेंग्यूचे डास त्यातच होतात. तो भंगारवाल्याला कधी द्यायचा तेही आधीच ठरवा. पुढचे शंभर-दीडशे किलोमीटर नवा टायर निसरडा असतो, तेव्हा दुसऱ्या दिवशीच घाटात जायचा बेत नको.

आता लिव्हर, पाना, पिना, साबण, ट्यूब, पट्टी, गेज एका परातीत मांडा, हात लावून मोजा. सगळं असेल तर गाडी स्टँडला लावा आणि एक्सलचा नट सैल करा.