गुडघ्याच्या ओटीत नवीन लागताय? आधी सेटला हात लावून बघा

२०१६ ला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) संपवलं आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, लागले. पहिलं वर्ष सिझर, हर्निया, अपेंडिक्स, मग हाडांचे सर आले आणि गुडघे बदलायच्या केसेस सुरू झाल्या. आता नवीन मुलंमुली विचारतात, ताई ऑर्थोच्या ओटीत यायचंय, काय वाचू, कुठले व्हिडिओ बघू, म्हणून एकदाच लिहून ठेवते. स्क्रब होणं, गाऊन-ग्लोव्ह, ट्रॉली लावणं, मॉप काउंट (रक्त टिपायची कापडं मोजणं) हे तुम्हाला येतं असं धरून चालते, ते परत सांगत नाही.

आधी कळू दे की टेबलावर कोण येतं. आमच्याकडे बहुतेक बायका, साठी-पासष्टीच्या. आयुष्यभर चिखलात वाकून लावणी, डोक्यावर भारे, चिऱ्याच्या पायऱ्या चढ-उतर, विळीवर उकिडवं बसणं, आणि गुडघे धनुष्यासारखे बाहेर वाकलेले. "माका खाली बसाक जमना नाय" असं सांगत येतात, त्याआधी पाच-सहा वर्षं तेल चोळून काढलेली असतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला मर्यादा घातली, साधा कोबाल्ट-क्रोमचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी असा ठरला, आणि जे पेशंट आधी आकडा ऐकून उठून जायचे ते तारीख विचारायला लागले. तरी ऑपरेशनचा पूर्ण खर्च त्यांना मोठाच असतो. आंब्याचे पैसे आले की, नाहीतर मुंबईच्या मुलाने पाठवले की मग येतात. हे लक्षात ठेवा, पुढच्या गोष्टीत लागेल.

आता माझी चूक. ही मी आजवर तीन-चार जणांनाच सांगितलीय.

छोट्या हॉस्पिटलकडे गुडघ्याचा हत्यारांचा सेट स्वतःचा नसतो. इम्प्लांट कंपनीचा माणूस केसच्या आदल्या दिवशी पेट्या घेऊन येतो, आमच्याकडे कोल्हापूरवरून, कधी मुंबईवरून. त्यात जिग आणि कटिंग ब्लॉक (हाड नेमकं कापायचे साचे), ट्रायल (माप बघायचे नमुन्याचे सांधे), पिना, सगळं मिळून सहा-सात ट्रे. इम्प्लांट स्वतः कंपनीतूनच स्टराईल पॅक येतं, पण हत्यारं मात्र आपल्याला धुऊन ऑटोक्लेव्ह करायची, म्हणजे मशीनमध्ये वाफेने निर्जंतुक करायची असतात. माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात सकाळी आठची केस होती, एक आजी, लेक मुंबईवरून रजा टाकून आलेली. घाटात रस्ता अडला आणि पेट्या संध्याकाळी पाचच्या ऐवजी रात्री पावणेबाराला पोचल्या. "धुतलेत ना?" विचारलं तर तो म्हणाला हो ताई, सकाळी दुसरीकडे केस झाली, तिथून धुऊनच निघालोय. मी तरी एक रीमर (हाड कोरायचं हत्यार) उजेडात धरला तर आतल्या पोकळीत हाडाचा चुरा वाळून बसलेला. मग मावशी आणि मी दोघी बसलो ब्रश घेऊन. दीड वाजला. पहिला लोड लावला आणि लाईट गेली, जनरेटरवर आमचा ऑटोक्लेव्ह चालत नव्हता, तास गेला, परत पहिल्यापासून सायकल. चार वाजले तेव्हा दुसरा लोड बाकी होता आणि मी पहिल्या लोडचा सुकवायचा वेळ अर्ध्या तासावरून दहा मिनिटांवर आणला. कुणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. गरम ट्रे काढून एसी चालू असलेल्या ओटीत स्टीलच्या टेबलावर मांडले.

सकाळी ट्रे उचलला तेव्हा खालचं कापड गार लागलं. मला वाटलं एसीचा गारवा. आजींना स्पायनल (पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल) दिलं, सर हात धुवायला गेले, आणि मी फीमरचा (मांडीच्या हाडाचा) ट्रे उघडला तर ब्लॉकच्या खाली पाण्याचे थेंब, आणि आतली शीट एका कोपऱ्यात भिजून गडद झालेली.

मी गप्प बसले. चार-पाच मिनिटं असतील. पेंटिंग (पायाला जंतुनाशक लावणं) चालू झालं तरी मी तोंड उघडलं नाही, कारण पेशंटला स्पायनल दिलेलं, बाहेर नातेवाईक, आणि रात्रभर जागून मीच केलेलं काम. शेवटी ट्रॉलीच्या मागे उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या, "सिस्टर, ता वला हा." मग मी सरांना सांगितलं. त्यांनी ट्रे बघितला, दुसरा सेट नव्हता, ग्लोव्ह काढले आणि केस रद्द केली. बाहेर जाऊन नातेवाईकांना स्वतः सांगितलं की चूक आमची आहे. लेक रडत होती, तिची रजा संपत होती. आजी कमरेखाली बधीर, नुसत्या माझ्याकडे बघून विचारत होत्या, झाला काय गो? मला उत्तर देता आलं नाही.

अकरा दिवसांनी त्यांचं ऑपरेशन झालं, नीट झालं, पुढे त्या काठी न घेता तपासायला येऊन गेल्या. पण तो सकाळचा प्रश्न माझ्या कानात अजून आहे.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण कोर्समध्ये आम्हाला "ओला पॅक म्हणजे अनस्टराईल" एवढं एक वाक्य सांगितलं होतं आणि मी ते पाठ करून विसरले होते. वाफ गार लोखंडाला लागली की तिचं पाणी होतं, आणि ते पाणी होताना ती जी उष्णता सोडते त्यानेच जंतू मरतात. म्हणजे ट्रेमध्ये पाणी होणारच, ती मशीनची चूक नाही, स्टरिलायझेशनच तसं होतं. ट्रे जितका जड तितकं पाणी जास्त, आणि गुडघ्याचे ट्रे फार जड असतात. मशीन नंतर व्हॅक्युम लावून ते पाणी परत वाफ करून ओढून घेतं, तो सुकवायचा वेळ. १३४ अंशाला जंतू मारायचं काम तीन-चार मिनिटांत होतं, सुकायला वीस-तीस मिनिटं लागतात, त्यामुळे घाईत माणसाला वाटतं की मुख्य काम झालं, उरलेला वेळ कापला तरी चालेल. नाही चालत. कापड ओलं असेल तर बाहेरचे जंतू त्या ओलीतून आत शिरतात, आत सगळं मेलेलं असलं तरी. दुसरं, गरम ट्रे गार स्टीलवर ठेवला की खालून परत पाणी सुटतं, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतका दमटपणा असतो की भिंतींना बुरशी येते.

आणि टेपवर विसंबू नका. बाहेरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे पॅकला उष्णता लागली एवढंच कळतं. माझ्या त्या ट्रेची टेप अगदी व्यवस्थित काळी होती.

आता मी काय करते ते सांगते. अकरा किलोच्या वरचा ट्रे असेल तर दोन भाग करते, कंपनीवाला कितीही म्हणो की असाच लावतात. ब्लॉक पालथे, पाणी साचणार नाही असे. प्रत्येक ट्रेच्या आत मधोमध इंडिकेटर स्ट्रिप, वाफ आत नीट पोचली की रंग बदलणारी. सकाळी पहिल्यांदा रिकाम्या मशीनची बोवी-डिक टेस्ट (मशीन आतली हवा नीट काढून टाकतं का ते बघायची), ती नापास झाली तर त्या मशीनमध्ये काहीही लावायचं नाही. सायकल झाली की दार थोडं उघडून ट्रे आतच राहू देते, मग जाळीच्या रॅकवर, एसीच्या झोतापासून लांब, हाताला गार लागेपर्यंत कुणी उचलायचा नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशंटच्या पाठीत सुई जायच्या आधी प्रत्येक ट्रे उचलून तळाला हात लावून बघायचा, फीमर आणि टिबियाचे (नडगीच्या हाडाचे) मोठे ट्रे उघडून स्ट्रिप आणि शीट बघून वरून स्टराईल शीटने झाकायचे, आणि मग भूलतज्ज्ञांना "सेट ओके" असं मोठ्याने सांगायचं. आमच्याकडे आता ते ऐकल्याशिवाय मॅडम स्पायनल देत नाहीत. केस अर्धा तास उशिरा सुरू होते, होऊ दे. सर्जन चिडतील, चिडू दे.

एवढी ताणून का सांगतेय, तर गुडघ्यात इन्फेक्शन म्हणजे पोटाच्या टाक्याला पू झाला तसं नसतं. चांगल्या ठिकाणीही शंभरात एखाद-दुसऱ्याला ते होतंच. जंतू धातूवर थर करून बसतात, त्या थरात औषध नीट पोचत नाही, मग बऱ्याचदा सगळा सांधा काढून अँटिबायोटिकवालं सिमेंट (सांधा हाडाला चिकटवतात ते) मध्ये घालून ठेवावं लागतं, कित्येक आठवडे इंजेक्शनं, आणि परत नवीन सांधा. ज्या बाईने आंब्याचे पैसे साठवून एक ऑपरेशन केलं ती तीन कुठून करणार?

घाबरवत नाहीये. बाकीचं काम शिकता येतं, लवकर येतं. पहिल्या महिन्यात ट्रे बघून चक्कर येईल, पण आठ-दहा केसेसनंतर क्रम हातात बसतो: फीमरचा खालचा कट, टिबियाचा कट, गॅप (दोन हाडांमधली फट) बघणं, मग साईझ, बाकीचे कट, ट्रायल. सरांनी कट घेतला की पुढचा ब्लॉक हातात तयार. सर्जनचा क्रम वेगळा असेल तर वहीत लिहून ठेवा, लाजू नका, माझी वही अजून आहे.

पिना मोजा. मॉप सगळे मोजतात, ब्लॉक धरायला ठोकलेल्या पिना कुणी मोजत नाही. अँटिबायोटिक टॉर्निके (रक्त थांबवायला मांडीला बांधतात तो पट्टा) फुगवायच्या आधी गेलं का ते विचारा, नंतर दिलं तर औषध पायात पोचतच नाही. टॉर्निकेची वेळ फळ्यावर लिहा आणि तासाला, दीड तासाला मोठ्याने सांगा, दोन तासांच्या पुढे जायचं नसतं. इम्प्लांटचा डबा उघडायच्या आधी डावा की उजवा आणि साईझ तुम्ही वाचा, सरांनी परत म्हणावं, मगच सील तोडा.

सिमेंटबद्दल एक. पाकिटावर जो वेळ लिहिलाय तो ठराविक तापमानाचा असतो. ओटी गरम असेल तर सिमेंट लवकर घट्ट होतं, मे महिन्यात आमचा एसी दमला की मी पाकीट आदल्या रात्रीपासून गार खोलीत ठेवते आणि सरांना आधी सांगते. पावडरमध्ये लिक्विड ओतलं की वेळ चालू झाली असं ओरडून सांगायचं, भूलतज्ज्ञांनाही कळलं पाहिजे कारण सिमेंट घालताना बीपी पडू शकतो. आणि इम्प्लांटला हात लावायच्या आधी ग्लोव्ह बदला.

शिकायचं कुणाकडून, तर माझं ठाम मत आहे की ओटीतल्या मावशी आणि मामा यांच्याकडून. त्यांनी वीस-वीस वर्षं तेच मशीन चालवलेलं असतं, आवाजावरून सांगतात व्हॅक्युम लागला की नाही. सिनिअर सिस्टर चांगली मिळाली तर नशीब. कंपनीचे दादा ट्रे शिकवतात, मन लावून शिकवतात, त्यांचे उपकार आहेत, पण त्यांना दुपारी दुसऱ्या गावात केस असते, त्यामुळे "चालतं हो ताई" हे त्यांचं वाक्य ऐकायचं आणि सोडून द्यायचं. यूट्यूब ऑपरेशनचे टप्पे बघायला चांगलं, सेट कसा धुवायचा हे तिथे बघून येत नाही. आणि ओरडणारा, हत्यार फेकणारा सर्जन म्हणजे हुशार सर्जन असं समजून त्याच्या हाताखाली राहू नका. मी त्या दिवशी गप्प बसले त्याचं एक कारण म्हणजे आधीच्या एका व्हिजिटिंग डॉक्टरांची भीती अंगात होती. जिथे बोलायची भीती वाटते तिथे ओला ट्रे वापरला जातो.

एमएस करून इकडे परत यायचा विचार करणाऱ्या डॉक्टरांनाही एक विनंती. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत आता सरकारी मेडिकल कॉलेजं झालीत, मुलं इथेच शिकतायत, तुम्ही या. पण पहिल्या आठवड्यात एकदा रात्री ऑटोक्लेव्हच्या खोलीत येऊन अर्धा तास उभे राहा. आमचे सर त्या केसनंतर आले होते, आणि महिन्याभरात ऑटोक्लेव्ह जनरेटरवर आला. नियमही झाला, सेट आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत आला नाही तर केस पुढे ढकलायची, पेशंटला आधीच तसं सांगून ठेवायचं. नातेवाईक कुरकुर करतात, पण कारण सांगितलं की ऐकतात.

शरीराचं म्हणाल तर पाय दुखतील, दिवसाला तीन गुडघे झाले तर संध्याकाळी जिना चढवत नाही. चांगले बूट घ्या, नाश्ता चुकवू नका, गरोदर असाल तर सिमेंट मिक्स करताना बाहेर जा, त्यात कमीपणा नाही. पगार छोट्या हॉस्पिटलात कमीच आहे. पुण्या-मुंबईत जास्त मिळतो पण तिथे सीएसएसडी (हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग) वेगळं असतं, ट्रे तयार होऊन येतो, तो कसा तयार झाला ते दिसत नाही. माझ्या मते पहिली दोन वर्षं छोट्या जागी काढा.

मुलाखतीला गेलात की पगार विचाराल तेव्हाच ऑटोक्लेव्हचं रजिस्टर दाखवा म्हणा. लोड नंबर, वेळ, तापमान, सही, स्ट्रिप चिकटवलेली. आठवडाभराची पानं एकाच पेनाने, एकाच बसणीत भरलेली दिसली तर ती नोकरी घेऊ नका.